शहाजींच्या पानावरचा पितर

“मला शहाजी जमदाड्यांच्या पानावर बसायचंय,” तो माणूस म्हणाला, आणि माझ्या हातातला पाय धुवायचा तांब्या तसाच राहिला.

सर्वपित्री अमावास्या होती. तासगावात देवळामागच्या सभागृहात आम्ही बायकांनी मिळून म्हाळ घातला होता, म्हणजे पितरांचं जेवण. आमच्या भागात गेलेल्या माणसाच्या नावानं एक जिवंत माणूस जेवायला बोलावतात. त्यालाच पितर म्हणायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं, आणि तो जेवून उठेपर्यंत बाकी कुणी तोंडात घास घालायचा नाही. पण आमची माणसं गेली होती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्लॅस्टिकात गुंडाळून. त्यांचा पितर म्हणून बसायला गावात माणूस मिळेना. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला नेमकं त्याच दिवशी कोल्हापूरला काम निघालं. भावकीनं तर फोनच उचलले नाहीत. जे जमले होते तेही उपकार केल्यासारखे बसले होते. आणि हा न बोलावता आला होता, वर पान निवडून मागत होता.

शहाजी जमदाडे म्हणजे माझा नवरा.

“तुमची त्यांची ओळख होती?” मी विचारलं.

“थोडी.” तो खाली बघत म्हणाला. “मी निवास लेंगरे. पलूसचा.”

मी एस.टी.त कंडक्टर. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेरचा निसर्ग जरा जास्तच बघतो, हे ओळखण्यात माझी निम्मी नोकरी गेली. हा माणूस सभागृहाचं छत बघत होता, फरशी बघत होता, फक्त माझ्याकडे बघत नव्हता. पन्नाशीचा असेल. सदरा धुवट, पण इस्त्रीचा. पायऱ्या चढून आल्यावर दम खात उभा होता.

“बसू दे की गं,” आतून हौसाक्का म्हणाल्या. “दारात आलेला पितर माघारी धाडायचा नसतोय.”

हौसाक्का आमच्यात सगळ्यांत थोरल्या. त्यांचा मुलगा प्रवीण शहाजींच्याच वॉर्डात, त्याच रात्री गेला. म्हाळाची कल्पनाही त्यांचीच. आमच्या गटातल्या बायका कागद गोळा करायच्या, दवाखान्याच्या दारात बसायच्या, साहेबांना जाब विचारायच्या. पण गेलेल्यांना पाणीसुद्धा पाजलं नाही ही सल हौसाक्कांनीच बोलून दाखवली. त्यांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. मी पाय धुतले, गंध लावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिला कारणही होतं. दवाखान्याविरुद्ध आमची तक्रार होती, तिची सुनावणी घटस्थापनेनंतर लागली होती. त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही, आमच्या वकिलांनी तसं बजावलंय. ऑक्सिजन संपला म्हणून माणसं गेली, असं आमचं म्हणणं. त्यावर त्यांनी चार ओळींचं उत्तर दिलं होतं की, ऑक्सिजन पुरेसा होता आणि शहाजी जमदाडे या रुग्णानं स्वतः मास्क काढला, उपचाराला सहकार्य केलं नाही. मी उलट लिहून दिलं, माझ्या नवऱ्यानं मास्क काढलाच नाही. मला खात्री होती. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना हेल्मेट घालणारा माणूस तो. डॉक्टरांनी गोळी जेवणानंतर म्हटलं की शेवटचा घास गिळेपर्यंत हातात धरून बसणारा. तो जीव वाचवायचा मास्क काढून फेकेल?

पण त्या वॉर्डातलं साक्षीला कुणी नव्हतं. काही गेले होते, वाचले ते तोंड उघडत नव्हते. त्यातच उन्हाळ्यात एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले होते. “वैनी, गेलेलं माणूस काय परत येत न्हाई. मिटवून टाका,” म्हणाले. मी पेढ्यांसकट त्यांना जिना दाखवला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आता सुनावणीच्या तोंडावर हे ताक समोर पाटावर बसलं होतं.

तो जेवत होता तो मन लावून. भरड्याचे वडे, गवारीची भाजी, आमटी, कढी, सगळं नीट कालवून. खीर वाढली तेव्हा त्यानं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाला, “खीर झ्याक झालीया वैनी. आणखी घाला.” मी घातली. तीही त्यानं संपवली. बाकीच्या पितरांनी मात्र खिरीला एकदाच बोट लावलं आणि वाट्या बाजूला सारल्या. मला वाटलं, पोटं भरली असतील.

पितर उठले, मग आम्ही बसलो. हौसाक्कांनी पहिला भुरका मारला आणि पदरात थुंकल्या.

“कुणी केली गं खीर? मिठागरच घातलंय की आत.”

म्हाळाचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो. पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला लागला तर तो उष्टा झाला. डबे चार घरांतून आलेले, सगळे सारखे, आणि कुणीतरी साखर म्हणून मीठ ओतलं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एकदोघी हसल्याही. मला हसू आलं नाही. बाकीचे पितर गप्प राहिले, ते रीतीला धरून होतं. पितरानं अन्नाला नाव ठेवायचं नसतं. पण ह्यानं तोंडभर कौतुक केलं होतं आणि मागून घेतली होती. खारट खिरीला झ्याक म्हणणारा माणूस कुठल्याही गोष्टीला काहीही म्हणेल.

तो अजून बाहेर नळावर होता. मी गाठलाच.

“खीर कशी होती?”

“गोड होती की.”

“तुम्हाला कुणी पाठवलंय, लेंगरे?”

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाला, “सुनावणीला मी येणाराय वैनी,” आणि निघून गेला. सुनावणीची तारीख मी त्याला सांगितली नव्हती.

चार दिवसांनी मी कागदांच्या नकलांसाठी पुन्हा त्या दवाखान्यात गेले. त्यांनी पुन्हा उद्या या म्हणून सांगितलं. वळते तर समोर मोठ्या डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडलं आणि लेंगरे बाहेर आला. डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी म्हणाले, आणि हा मान डोलवत हसला. मी खांबाआड झाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या नवऱ्याच्या पानावर बसून, माझ्या हातून पाय धुवून घेऊन हा माणूस ह्यांच्या दारात शेपूट हलवायला येतो.

पलूसच्या स्टँडवर आमचे ड्रायव्हर सगळ्यांना ओळखतात. लेंगरे कोण विचारल्यावर एकानं गल्लीच दाखवली, “भडंगवाले न्हवं का?” रजा टाकून मी दुपारी थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. हौसाक्कांचे गुडघे धरले होते म्हणून एकटीच गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, आणि त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाही.

घरात शिरले तर चुरमुऱ्यांची पोती, मोठी कढई, तिखटाचा ठसका. लेंगरे मला बघून उठून उभा राहिला. त्याच्या बायकोनं आधी पाणी दिलं, मग ताटलीत भडंग.

“मीठ कमीजास्त असंल तर सांगा,” ती म्हणाली. “ह्यांना विचारून उपयोग न्हाई. कोरोनातनं उठल्यापास्नं ह्यांना चव कळत न्हाई का वास येत न्हाई. दूध करपलं तरी ह्यांच्या गावी नसतंय. आता चव मीच बघते.”

पाठ केलेलं सगळं मागे पडलं.

“परवाची खीर खारट होती,” मी लेंगऱ्यांना म्हणाले.

“असंल.”

“मग झ्याक का म्हणालात?”

“पितरानं दुसरं काय म्हणायचं असतंय, वैनी?”

कुठल्या दवाखान्यात होता, हे मला विचारावं लागलं नाही. ते आपणहून सांगायला लागले. त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात, शहाजींच्या शेजारच्या खाटेवर. फुप्फुसं निम्मी गेलेली, म्हणून अजून दर महिन्याला त्याच डॉक्टरांकडे जावं लागतं. “दुसरा डॉक्टर माझा एक्स-रे बघितला की हात टेकतोय,” ते म्हणाले. “ह्यांनी मला जगवलंय, हे पण खरंच हाय. त्यांच्या विरोधात तोंड उघडायचं तर उद्या दम लागल्यावर जाऊ कुठं?”

“मग माझ्या नवऱ्याच्या पानावर कशाला आलात?”

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती उठून आत गेली.

“वैनी, तुमच्या बाजूनं बोलायचं म्हटलं तरी ते तुमच्याच अंगावर येतंय,” ते म्हणाले. “तुम्ही लिहून दिलंसा की मास्क काढला न्हाई, ते दवाखान्यात माझ्या कानावर आलं. काढलावता. माझ्या डोळ्यांदेखत काढलावता.”

मला वाटलं, आता उठावं आणि निघावं. पण पुढचं ऐकायला बसून राहिले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत, मधेच खोकत. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीला पाण्याची एक बाटली लावलेली असायची. ऑक्सिजन चालू असला की तिच्यात बुडबुडे यायचे. वॉर्डात दुसरं करायला काही नसे, तेव्हा माणसं पडल्या पडल्या त्या बुडबुड्यांकडे बघत राहायची. त्या रात्री बुडबुडे मंदावले आणि मग थांबले. एका बाटलीतले नाहीत, सगळ्याच बाटल्यांतले. वॉर्डात कुणी नव्हतं. जी दोन माणसं कामावर होती ती खालच्या मजल्यावर होती, आणि घंटीचं बटण दाबून काही होत नव्हतं. लेंगऱ्यांना दिसलं की शहाजी उठून बसले, त्यांनी मास्क ओढून काढला आणि ओरडायला लागले.

शहाजी बेदाण्याच्या सौद्यात बोली पुकारायचे. पेठेत एका टोकाला ते बोलले की दुसऱ्या टोकाचा व्यापारी मान वर करायचा. घरात त्या आवाजापायी मी किती वेळा म्हटलं असेल, जरा हळू बोला, हा काय बाजार आहे?

“त्या आवाजानं खालची माणसं पळत आली,” लेंगरे म्हणाले. “एक सिलिंडर आणला त्यांनी. मी दाराजवळ होतो, मला लावला. आणखी आणायला गेली. तंवर जमदाडे खाटेवर आडवं झालंतं.”

त्यापुढे त्यांना बोलवेना. धाप लागली. बायको आतून पंप घेऊन आली.

मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला असं म्हणाले तर ते खोटं होईल. परतीच्या गाडीत बसले आणि डोक्यात चक्र सुरू झालं. सिलिंडर ह्यांनाच का लागला? दाराजवळ होते म्हणून, की आणखी कशापायी? आणि हे सगळं ह्यांनी आत्ताच का सांगितलं? समजा मी सुनावणीत कबूल केलं की मास्क काढला, आणि हे ऐनवेळी गप्प बसले, तर? दवाखान्याच्या चारही ओळी खऱ्या ठरल्या. मीच माझ्या हातानं केस बुडवली. मला त्या पाठीवरच्या हाताची आठवण येत होती. इतका सोपा सापळा कुठल्याही वकिलाला सुचला असता.

हौसाक्कांना मी मास्कचं आणि बुडबुड्यांचं तेवढं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. प्रवीण झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही, असं दवाखान्यानं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते कधी मानलं नाही आणि कधी नाकारलंही नाही.

“तू मास्कचं बोलूच नगंस,” त्या शेवटी म्हणाल्या. “इचारलं तर म्हण, मी आत न्हवते, मला ठाव न्हाई. त्यात खोटं काय न्हाई. मग तो मानूस बोलू दे न्हाईतर न बोलू दे.”

सल्ला बिनतोड होता. मी तेच करायचं ठरवलं.

सुनावणी जिल्ह्याच्या गावात एका सरकारी इमारतीत होती. चौकशी समितीचे तीन जण टेबलामागे बसलेले. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, शांत माणूस. आमच्या गटातल्या बायका मागच्या खुर्च्यांवर, हौसाक्का भिंतीला टेकून. लेंगरे आले होते. पण बसले होते पलीकडे, दवाखान्याच्या माणसांच्या ओळीत. त्यांच्या शेजारचा कंपाउंडर त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होता आणि लेंगरे मान हलवत होते. सापळाच आहे हा, मी मनाशी म्हणाले.

दवाखान्याचे वकील तरुण होते, बोलायला गोड. “ताई, तुम्ही लिहून दिलंय की तुमच्या पतींनी मास्क काढला नाही. तुम्ही त्या वेळी आत होता का?”

“नव्हते.”

“मग आज तुमचं काय म्हणणं आहे? काढला की नाही?”

मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि त्याच क्षणी मला शहाजी दिसले, खाटेवर उठून बसलेले. आयुष्यभर हेल्मेट घालणारा तो भित्रा माणूस. कुणी येईना म्हणून त्यानं तोंडावरचं काढून टाकलं होतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आवाज तेवढा होता. दवाखान्याच्या चार ओळी खोट्या पाडायच्या नादात मी माझ्याच माणसाचं शेवटचं काम पुसून टाकायला निघाले होते. मला त्याचा राग आला, एवढा दम होता तर स्वतःसाठी का नाही ठेवला म्हणून. आणि अभिमानानं ऊरही भरून आला. दोन्ही एकदम.

“काढला,” मी म्हणाले. “त्यांनी स्वतः काढला. मी लिहून दिलेलं चुकीचं होतं.”

मागे बायकांत कुजबुज झाली. वकील हसले, अगदी सभ्यपणे. “याची नोंद व्हावी,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मी लेंगऱ्यांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. कंपाउंडरनं त्यांच्या दंडावर हात ठेवला होता. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय का. अध्यक्षांनी समोरचे कागद एकत्र केले. संपलं, मला वाटलं. बुडवली मी केस.

मग खोकला ऐकू आला. लेंगरे दंड सोडवून घेऊन उभे राहत होते, खुर्चीची पाठ धरून.

“त्या मास्कात काय येत नव्हतं साहेब,” ते म्हणाले. “कुणाच्याच मास्कात येत नव्हतं. मी शेजारच्या खाटेवर होतो.”

वकील उठले, हरकत घेतली. साक्षीदार म्हणून ह्यांचं नाव दिलेलं नाही, हे आमचेच पेशंट आहेत. अध्यक्ष म्हणाले, मग तर ऐकायलाच पाहिजे, आणि त्यांनी टाइप करणाऱ्या मुलीला खूण केली. लेंगऱ्यांनी मला घरी सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं, बुडबुडे, घंटी, खालचा मजला. दोनदा थांबावं लागलं. एकदा अध्यक्षांनीच पाण्याचा ग्लास पुढे केला.

“जमदाडे ओरडत होते म्हणता,” अध्यक्ष म्हणाले. “काय ओरडत होते? आठवतंय?”

“आमची नावं, साहेब.”

“नावं?”

“वॉर्डात आल्यापास्नं त्यांनी सगळ्यांची नावं इचारून ठेवलीवती. बाजारात सवय त्यांना. ती नावं घेऊन ओरडत होते. मुल्ला, जागा राहा. कदम, माणसं येतायत. लेंगरे, डोळं मिटू नगंस. एकेकाला. आवाज गेला तरी घेत होते.”

हे त्यांनी मला घरी सांगितलं नव्हतं.

मागे खुर्ची सरकली. हौसाक्का कुणाची परवानगी न घेता भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या.

“माझ्या प्रवीणचं घेतलं का?” त्यांनी विचारलं. “प्रवीण यादव. कोपऱ्यात खाट होती त्याची.”

दवाखान्याचे वकील पुन्हा उठले. अध्यक्षांनी हातानंच त्यांना बसवलं.

लेंगरे वळले. “घेतलं, आक्का,” ते म्हणाले. “लई येळा घेतलं. तो ओ देत नव्हता म्हणून पुन्हा पुन्हा घेत होते.”

“बरं,” हौसाक्का म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या.